गोवराचा माग
शिरूर आणि दौंडला बाहेरच्यांची ये-जा अखंड: रांजणगावची एमआयडीसी, दौंड जंक्शन, हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या. दोन्ही तालुक्यांत एकाच वेळी गोवर निघाला, तर साथ एक की दोन? पुरळ पाहून ते कळत नाही. घशातला स्वॅब किंवा लघवीचा नमुना बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत जातो. पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहेच. विषाणूच्या जनुकसंचात सुमारे १५,९०० अक्षरं. प्रकार ठरवायला ४५० पुरतात. भारतात डी४, डी८ सापडले आहेत. पण शेजारच्या दोन साथी त्या ४५०मध्ये हुबेहूब जुळू शकतात. मग अख्खा जनुकसंच वाचणं आलं. लशीतला विषाणू ए प्रकारचा, त्यामुळे लशीनंतरचं पुरळही वेगळं ओळखता येतं. लस मात्र सगळ्या प्रकारांना एकच. बाळाला नऊ महिने पूर्ण होताच पहिला डोस द्या. सोळा ते चोवीस महिन्यांतला दुसरा चुकवू नका.