फुटाणा कसा फुटतो

छत्रपती संभाजीनगरची छावणी ओलांडली की पडेगाव लागते. पुढे मिटमिटा, शरणापूर फाटा, दौलताबाद, घाट चढून खुलताबाद आणि मग वेरूळ. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री भद्रा मारुतीला पायी निघालेले भाविक, रबीउल अव्वल महिन्यात सूफी संत हजरत जर जरी जर बक्ष यांच्या उरुसाला जाणारे आणि महाशिवरात्रीला घृष्णेश्वराच्या दर्शनाची ओढ असलेले, अशा सगळ्यांची हीच वाट. जत्रा असो वा उरूस, फुटाणे, मुरमुरे, रेवड्या आणि बत्तासे यांचे ढीग तिथे लागतातच. देवळात हाच खाऊ प्रसाद म्हणून हातावर पडतो, दर्ग्यात शिरनी म्हणून. यातला फुटाणा सगळ्यात साधा. तो सगळ्यांच्या हातावर कसा पोहोचला, हे समजायचे तर भट्टीपाशी जायला हवे.

सुरुवात गावरान हरभऱ्यापासून होते. मराठवाड्याच्या काळ्या रानात रब्बीला घेतलेले हे पीक फेब्रुवारी-मार्चमध्ये खळ्यावर येते. भडभुंजा आधी हरभरा चाळून एका मापाचे दाणे वेगळे काढतो. लहान-मोठे दाणे एकत्र भाजले, तर लहान करपतात आणि मोठे कच्चे राहतात.

मग पहिला शेक. कढईतल्या तापलेल्या वाळूत हरभरा थोडाच वेळ परततात आणि चाळून बाहेर काढतात. त्यावर पाण्याचा हबका मारतात. खारे फुटाणे हवे असतील तर या पाण्यात मीठ आणि हळद असते. ओलसर हरभरा पोत्याखाली झाकून काही तास मुरत ठेवतात. घाई करायची नाही ती इथेच. पाणी सालीवरच राहिले तर भट्टीत नुसतेच उडून जाते. ते आत, डाळीपर्यंत झिरपले तरच कामाला येते.

दुसरा शेक खरा. वाळू आता साधारण २०० ते २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली असते. मुरलेला हरभरा थोडा थोडा टाकून झाऱ्याने सतत हलवत राहतात. दाण्यातल्या पाण्याची वाफ होते, ती बाहेर पडायला धडपडते, साल तडकते आणि आतली डाळ फुलून खुसखुशीत होते. तडतड सुरू झाल्यावर हात थांबवून चालत नाही. क्षणभर उशीर झाला की दाणा तपकिरी होतो आणि कडू लागतो. लगेच सगळे चाळणीवर ओततात. वाळू खाली पडते, फुटाणे वर राहतात. ते खरखरीत पृष्ठभागावर घासले की साल सुटते. सोललेल्या दोन पाकळ्या म्हणजे चिवड्यातले आणि चटणीतले डाळे.

वाळूच का? कढईचा तळ दाण्याला एकाच बाजूने तापवतो, वाळू मात्र त्याला चहूबाजूंनी वेढून सारखी आच देते. ती धग धरून ठेवते आणि चिकटतही नाही. त्यामुळे तेलातुपाचा थेंबही लागत नाही.

फुटाण्याचा सामाजिक गुण इथूनच येतो. शिवाशिवीच्या काळात शिजवलेल्या अन्नावर जेवढी बंधने होती, तेवढी भाजलेल्या कोरड्या धान्यावर नव्हती. भातभाकरी कोणाच्या हातची चालते यावर पंक्ती मोडत, पण भडभुंज्याच्या भट्टीवरचा घास बहुतेकांना चालत असे. फुटाण्यात मांस नाही, कांदा-लसूण नाही, तूप कोणते हा प्रश्नच नाही. ताट-वाटी लागत नाही, मूठ पुरते. तो स्वस्त आहे, उन्हातान्हाच्या वाटेवर आंबत नाही, आणि १०० ग्रॅममध्ये सुमारे २० ग्रॅम प्रथिने देऊन चालणाऱ्याच्या पोटाला आधारही देतो. व्रतवैकल्यांतही तो आहेच: श्रावणी शुक्रवारी जिवतीची पूजा झाल्यावर सवाष्णीला दूध-साखरेबरोबर फुटाणे देतात, आणि संतोषी मातेच्या शुक्रवारीही गूळ-चण्याचाच प्रसाद असतो.

घेताना एक दाणा चिमटीत दाबून पाहावा. चांगल्या फुटाण्याची साल सहज सुटते, दाणा हलका असतो आणि दाताखाली कुर्रकन फुटतो. आतला रंग सगळीकडे सारखा, फिकट पिवळा दिसला पाहिजे. मधोमध टणक लागला तर तो नीट मुरलेला नव्हता. फार भडक पिवळे फुटाणे टाळावेत, त्यात रंगाची भेसळ असू शकते. घरी आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. सादळलेच तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर परतले की पुन्हा कुरकुरीत होतात.

आज बरेच फुटाणे फिरत्या ड्रमच्या यंत्रांत भाजले जातात. शेक, पाणी, मुरणे आणि पुन्हा शेक हा क्रम मात्र तोच आहे. माणसांनी एकमेकांच्या हातचे खावे, यासाठी संतांनी आणि सूफींनी आयुष्ये वेचली. त्या कामात भट्टीवरच्या भडभुंज्याचाही वाटा आहे, आणि तो आपण मोजला पाहिजे.