माळ्यावरील सुतारी हत्यारें

आमच्या कोरेगांव तालुक्यांत जुन्या घरांच्या माळ्यावर वांकस, रंधा, पटाशी, किंकरें अशीं हत्यारें धूळ खात पडलेलीं अद्यापि आढळतात. कोणी तीं मोडींत घालतो, कोणी शोभेकरितां भिंतीवर टांगतो. आम्हांस हे दोन्ही प्रकार इष्ट वाटत नाहींत.

पूर्वीं गांवचा सुतार बलुत्यावर नांगर, कुळव, पाभर दुरुस्त करून देई. सन १९१० मध्यें किर्लोस्करवाडीस कारखाना निघाला व लोखंडी नांगराचा प्रसार वाढला. पुढें ट्रॅक्टर आले, बलुत्याची रीत मोडली. परंतु शेतींतील लांकूडकाम अजून संपलें नाहीं. वाघ्या घेवड्याच्या पेरणीस वापसा यावा आणि त्याच दिवशीं कुळवाचें रुमणें मोडावें, तर सुताराच्या शोधांत गेलेला दिवस परत येत नाहीं. घरीं चालतीं हत्यारें असल्यास हा खोळंबा टळतो.

प्रथम लांकूड पाहावें. भोंकांतून ताजा भुगा गळत असेल तर आंत कीड जिवंत आहे असें समजून तें हत्यार निराळें ठेवावें. लांकूड पाण्यानें धुऊं नये, उन्हांत वाळवूं नये, तें तडकतें. कोरड्या फडक्यानें पुसून जवसाचें तेल पातळ चोळावें.

गंज काढण्यासाठीं पातें विस्तवांत घालूं नये. त्याचें पाणी उतरतें व मग धार टिकत नाहीं. तेल लावून गंज घांसून काढावा. विजेच्या चाकावर धार लावतांना पातें वरचेवर पाण्यांत बुडवावें. धार निळी पडली कीं पाणी गेलेंच.

रंध्याचा तळ झिजून वांकडा होतो. पातें पाचरेनें घट्ट बसवून, पण धार आंत ओढून, सपाट फरशीवर पसरलेल्या काचकागदावर तळ घांसावा. तोंड फार रुंद झालें असल्यास पुढें कठीण लांकडाचा तुकडा बसवावा.

वांकसाचा दांडा ढिला झाल्यास तो पाण्यांत भिजवितात. लांकूड फुगून घट्ट बसतें खरें, पण वाळतांच पूर्वींहून सैल होतें, व काम करतांना पातें निसटून पायावर येण्याचें भय असतें. चांगल्या वाळलेल्या बाभळीचा नवा दांडाच घालावा.

ज्या गांवीं जुना सुतार हयात आहे, तेथें त्यास योग्य रोज देऊन सन्मानानें बोलवावें व घरांतील एका मुलास त्याच्याजवळ बसवावें. हत्यार दुरुस्त होईल. तें धरण्याची रीत मात्र हातानेंच हातास द्यावी लागते.