मोटारीचा मुख्य खटका

झाशी शहराच्या वाट्याला दोन गोष्टी विपुल आल्या आहेत : उन्हाळा आणि रस्ते. वैशाख-ज्येष्ठात तेथील पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास रेंगाळतो. आणि श्रीनगरहून कन्याकुमारीकडे उतरणारा हमरस्ता व पोरबंदरहून सिल्चरकडे जाणारा हमरस्ता एकमेकांस छेदतात तेही याच शहरी. ज्याला वेगाची हौस आहे अशा माणसाने झाशीत स्पोर्ट्‌स मोटार बाळगावी यात नवल नाही. नवल असेल तर ते हे की, अशी मोटार वर्षातले बरेच दिवस पडवीतच उभी असते. दोन आसनांची, जमिनीला टेकलेली ती गाडी बाजारहाटाला उपयोगी नाही, पावसात नेववत नाही आणि भर उन्हाळ्यात तिच्यात बसवत नाही. त्यातून मालक झाशीच्या जुन्या मराठी कुटुंबांपैकी असला, तर लग्नसराईत पुण्या-नाशिककडचा महिना-दीड महिन्याचा मुक्काम ठरलेला. परत येऊन तो किल्ली फिरवतो, तेव्हा पुढून एक क्षीण ‘टक्’ एवढाच आवाज येतो. बॅटरी संपलेली असते.

उभ्या गाडीची वीज जाते कोठे, असा प्रश्न साहजिक आहे. किल्ली काढली म्हणजे सारे बंद झाले ही समजूत खरी नव्हे. घड्याळ चालू असते, चोरीची घंटा जागी असते, दाराचे कुलूप दुरून उघडणारे यंत्र संकेताची वाट पाहत असते, एंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक आपली स्मृती जपत असतो. या सर्वांना मिळून सुमारे पन्नास मिलिअँपिअर वीज लागते असे धरू. आकडा क्षुल्लक वाटतो. पण चोवीस तासांत तो १.२ अँपिअर-तास होतो, आणि ४५ अँपिअर-तासांची बॅटरी त्या हिशेबाने सदतीस दिवसांत कोरडी पडते. एंजिन फिरवण्याची ताकद तर त्याच्या निम्म्या काळातच नाहीशी होते. याशिवाय शिसे-आम्लाची बॅटरी काहीही न जोडता नुसती ठेवली तरी आतल्या आत झिजते, आणि ही झीज तापमान दर दहा अंशांनी वाढले की जवळजवळ दुप्पट होते. पुण्याच्या पौषात जी बॅटरी दोन महिने तग धरील, ती झाशीच्या ज्येष्ठात तशी धरणार नाही. रिकामी बॅटरी तशीच राहिली की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात व मग कितीही भारली तरी तिला पूर्वीचे सामर्थ्य येत नाही.

परंतु हा खर्चाचा प्रश्न झाला. जिवाचा प्रश्न निराळा आहे, आणि तो स्पोर्ट्‌स मोटारीच्या बाबतीत विशेष तीव्र आहे.

मोटारीतील बहुतेक तारांच्या वाटेवर फ्यूज असतो; कोठे तारेला तार चिकटली तर फ्यूज वितळतो आणि संकट टळते. बॅटरीपासून स्टार्टरकडे जाणारी जाड तार मात्र सामान्यतः या संरक्षणाला मुकलेली असते. एंजिन फिरवताना स्टार्टर दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो. एवढा प्रवाह रोज बिनतक्रार जाऊ देईल आणि अपघाताच्या क्षणी मात्र तुटेल असा फ्यूज घालणे सोपे नाही, म्हणून तो घातलाच जात नाही. आता साध्या गाडीत ही तार हात-दीड हात लांबीची असते, कारण बॅटरी व एंजिन शेजारी शेजारी असतात. स्पोर्ट्‌स मोटारीत वजनाचा तोल साधण्यासाठी बॅटरी पुष्कळदा मागे, आसनांच्या पाठीशी किंवा डिकीत ठेवतात. १९५५ ते १९६२ या काळात बनलेल्या एमजीए या इंग्रजी गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांच्या मागे असत. म्हणजे ही बिनफ्यूजची तार गाडीच्या पोटाखालून, पत्र्याच्या कडांजवळून, कित्येकदा पेट्रोलच्या नळीच्या सोबतीने तीन मीटर प्रवास करते. अपघातात पत्रा वाकून तिच्यात घुसला की बॅटरी आपली सारी शक्ती तेथे ओतते. काही शे अँपिअरचा, प्रसंगी हजारावरचा तो प्रवाह काही सेकंदांत तारेचे वेष्टन जाळतो. आणि जवळच फुटलेल्या नळीतून पेट्रोलची वाफ निघत असेल तर पुढचे सांगावयास नको. माणूस आत अडकलेला आहे, मदतीला लोक धावले आहेत, आणि बॅटरी मात्र चिरडलेल्या डिकीत कोणाच्याही हाताला लागत नाही, अशी ती वेळ असते.

यावरचा उपाय मोटारवाल्यांनी शोधलेला नाही. झाशी हे रेल्वेचे गाव. तेथील वॅगन-कारखाना १८९५ पासूनचा आहे, आणि तेथे डिझेल एंजिनांची शेडही आहे. आल्को बनावटीच्या डिझेल एंजिनात आठ-आठ व्होल्टच्या आठ बॅटऱ्या मिळून ६४ व्होल्टचा संच असतो, आणि त्याच्या वाटेवर तांब्याच्या पात्यांचा एक दांडीचा खटका असतो. त्याला कामगार ‘नाइफ स्विच’ म्हणतात. एंजिन उभे करून ठेवायचे असले की तो खाली ओढतात व पाती उघडी दिसली म्हणजे निश्चिंत होतात. शहराजवळच्या बबीना छावणीत जे रणगाडे येतात-जातात त्यांतही बॅटऱ्यांचा मुख्य खटका असतोच. जेथे यंत्र मोठे आणि जोखीम उघड, तेथे ही व्यवस्था केव्हाच रूढ झाली. खासगी मोटारीला मात्र ती बहुधा विकत घेणाऱ्यानेच बसवून घ्यावी लागते.

खटका घ्यावा कोणता, हे तो कशासाठी हवा यावर अवलंबून आहे. केवळ उभ्या गाडीची बॅटरी वाचवायची असेल तर जे अग्र गाडीच्या सांगाड्याला जोडलेले आहे, आजच्या गाड्यांत ऋण अग्र, त्याच्यावरच बसणारा साधा फिरकीचा किंवा पात्याचा खटका पुरे होतो. त्या बाजूला काम करण्यात एक मोठी सोय आहे : पाना निसटून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही, कारण पत्रा आणि ते अग्र मुळात एकच आहेत. ‘ऋण बाजू’ असे पाठ करून ठेवणाऱ्याने जुन्या इंग्रजी गाड्यांशी मात्र जपून वागावे. वर उल्लेखिलेल्या एमजीएमध्ये सांगाड्याला धन अग्र जोडलेले असे.

शर्यतीसाठी किंवा अपघाताच्या वेळेसाठी खटका हवा असेल तर तेवढ्याने भागत नाही, आणि येथेच पुष्कळजण फसतात. एंजिन चालू असताना बॅटरी तोडली तर एंजिन बंद पडेल अशी त्यांची कल्पना असते. ते पडेलच असे नाही. चालत्या एंजिनाबरोबर आल्टरनेटर फिरत असतो व तो स्वतः वीज निर्माण करीत असतो. बॅटरी गेली तरी तो ठिणगीच्या यंत्रणेला वीज पुरवीत राहतो. एवढेच नव्हे, तर त्या क्षणी बॅटरी भारली जात असेल तर तिच्याकडे चाललेल्या प्रवाहाची वाट एकाएकी बंद होते आणि आल्टरनेटरचा दाब क्षणार्धात उसळतो. बारा व्होल्टच्या गाडीत हा उसळलेला दाब, त्याला आवर घालणारे काही नसेल तर, ऐंशी ते शंभर व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. काही दशांश सेकंदांचाच तो खेळ. पण महागड्या संगणकाला तेवढा पुरतो.

म्हणून शर्यतीच्या खटक्याला सहा अग्रे असतात. दोन जाड अग्रे बॅटरीच्या मुख्य तारेसाठी. बारीक चारांपैकी एक जोडी ठिणगीच्या यंत्रणेचा पुरवठा तोडते, म्हणून एंजिन थांबते. दुसरी जोडी त्याच क्षणी आल्टरनेटरला सुमारे तीन ओहमच्या एका रोधातून सांगाड्याशी जोडते, म्हणून उसळू पाहणारा दाब त्या रोधात उष्णता होऊन विरतो. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचा नियमही हेच मागतो : खटक्याने बॅटरी, आल्टरनेटर, दिवे, भोंगा, ठिणगी हे सर्व तोडले पाहिजे, एंजिन थांबवले पाहिजे, स्वतः ठिणगी पाडता कामा नये, आणि तो गाडीच्या आतून व बाहेरून दोन्हीकडून हाताशी असला पाहिजे. बाहेरच्या दोरीपाशी पांढऱ्या कडेच्या निळ्या त्रिकोणात विजेची तांबडी रेघ काढलेली असते. ज्याने ती गाडी पूर्वी कधी पाहिलेली नाही अशा माणसालाही कोठे ओढावे ते त्यावरून कळते. काही परदेशी कारखान्यांनी याच्याही पुढे जाऊन, धडक बसताच लहानशा स्फोटाने बॅटरीची तार आपोआप तोडणारी अग्रे बसवली आहेत.

प्रत्यक्ष बसवण्याचे काम अवघड नाही, पण ते घिसाडघाईचे नव्हे. पहिल्याने अंगठी आणि मनगटावरचे धातूचे घड्याळ काढावे. मग बॅटरीचे सांगाड्याकडील अग्र सोडवावे. जोडताना तेच सर्वांत शेवटी जोडावे. या क्रमात हयगय करणाऱ्याचा पाना एकदा तरी पत्र्याला चिकटून लाल होतो. जागा निवडताना आसनपट्टा बांधलेल्या चालकाचा हात पोहोचतो का, हे त्याला प्रत्यक्ष बसवून पाहावे. खटका बॅटरीच्या अगदी डोक्यावर नसावा, कारण भारताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तार जेथे पत्र्यातून पार जाते तेथे रबराची कडी हवीच. नाही तर ज्या संकटासाठी हा खटाटोप, तेच संकट आपल्या हाताने रचल्यासारखे होते. तारेची टोके दाबयंत्राने घट्ट बसवलेली असावीत. दोन तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळण्याची आपल्याकडची सवय घंटेच्या तारेला चालते, दोनशे अँपिअरला चालत नाही. आणि गाडी फायबरची असेल, जसे गोव्यात तयार झालेल्या सॅन स्टॉर्म या दोन आसनी गाडीचे अंग होते, तर अंगाला तार लावून उपयोग नाही. परतीची वाट सांगाड्यापर्यंत न्यावी लागते.

खटक्यावर सतत वाहून न्यायचा आणि काही सेकंदांपुरता सोसायचा असे दोन प्रवाह लिहिलेले असतात, उदाहरणार्थ शंभर व पाचशे अँपिअर. स्वस्त मालावर हे आकडे छापलेले असतात, पण पाळलेले असतातच असे नाही. त्यांची परीक्षा घरीच होते. स्टार्टर फिरत असताना खटक्याच्या दोन जाड अग्रांमधला दाब मापकावर पाहावा. संपर्काचा रोध एक सहस्रांश ओहम असला तरी दोनशे अँपिअरला ०.२ व्होल्ट तेथेच खर्च होतात आणि चाळीस वॉटची उष्णता निर्माण होते. याहून अधिक दिसले तर जोड सैल आहे किंवा खटका टाकाऊ आहे. बुंदेलखंडाची बारीक धूळ संपर्कात शिरते, यास्तव ही तपासणी दरवर्षी करावी. दुसरी परीक्षा एंजिन मध्यम गतीने चालू ठेवून, दिवे लावून करायची : खटका फिरवताच दिवे विझले पाहिजेत आणि एंजिन तत्काळ थांबले पाहिजे. घुटमळले, तर बारीक तारांची जोडणी चुकली आहे. ही परीक्षा सहा अग्रांच्या खटक्यावरच घ्यावी. साध्या खटक्यावर चालत्या एंजिनाशी असा प्रयोग केल्यास वर सांगितलेली दाबाची उसळी पदरी पडते.

रोजच्या वापरात मात्र खटका तोडण्यापूर्वी एंजिन किल्लीनेच बंद करून दोन-तीन मिनिटे थांबावे, कारण नव्या गाड्यांतील संगणक आपली टिपणे लिहून ठेवण्यास थोडा वेळ घेतो. परत जोडल्यावर घड्याळ लावावे लागते, आणि एंजिन पहिली काही मिनिटे किंचित अडखळते, कारण त्याला आपली मंद गती पुन्हा शिकावी लागते. चोरीची घंटाही वीज गेल्यावर मुकी असते, म्हणून पडवीला कुलूप हवे.

सर्वांत विनोदी फजिती होते ती डिकीची. काही गाड्यांची डिकी, किंवा एंजिन मागे असेल तर पुढचे झाकण, विजेच्या कळीनेच उघडते. बॅटरी आत, खटकाही आत, आणि मालकाने प्रवासाला निघताना खटका फिरवून झाकण आपटलेले. दीड महिन्याने तो झाशीला परततो, बॅटरी ठणठणीत असते, पण झाकण उघडण्यासाठी वीज हवी आणि विजेसाठी झाकण उघडायला हवे. अशा गाडीत खटक्याची दोरी किंवा मूठ बाहेर, निदान चालकाच्या बाजूस आणलीच पाहिजे, आणि ती आणण्याआधी झाकण आपटू नये.