हिरव्या चहाचा डबा घरात आला, पण...

सणाला शहरातून येणारी पाहुणेमंडळी हल्ली हिरव्या चहाचा डबा घेऊन येतात. "वजन उतरतं, रोज प्या," असे सांगून जातात. डबा फडताळात राहतो आणि तुम्हाला प्रश्न पडतो, हे प्यावे की नाही?

आधी एक घोळ मिटवू. परसातला गवती चहा तो हा नव्हे. ते सुवासिक गवत. हिरवा चहा ही आपल्या नेहमीच्या चहाच्याच झुडपाची पाने. पाने चुरडून हवेवर काळी पडू दिली की आपला रोजचा चहा होतो. खुडल्यावर लगेच वाफ दिली किंवा कढईत परतली, की ती हिरवी राहतात. जपानात वाफ देतात, चीनमध्ये बहुधा परततात. आपल्याकडे हिमाचलातल्या कांगड्यातही हा चहा होतो.

त्याने वजन घटते, पण फारच थोडे. खरी बचत साखरेची. दिवसाला पाच कप, कपात दोन चमचे, म्हणजे ४०-५० ग्रॅम साखर पोटात जाते. हिरव्या चहातही तेवढीच घातली तर काय साधले?

मायबहिणींनो, आता नीट वाचा. भाकरी, कडधान्य, पालेभाजी यांतले लोह चहातली तुरट द्रव्ये धरून ठेवतात, अंगी लागू देत नाहीत. चहा हिरवा असो वा काळा, दोघांचा गुण हाच. रक्त कमी म्हणून आशाताईने दिलेली लोहाची गोळी सून चहाबरोबर घेत असेल, तर गोळीचा बराच भाग फुकट जातो. चहा आणि जेवण किंवा गोळी यांत निदान तासाभराचे अंतर ठेवा. गोळीबरोबर लिंबूपाणी चांगले. गरोदर बाईने दोन्ही चहा मिळून दोन-तीन कपांपुढे जाऊ नये.

हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्या मात्र घेऊ नका. त्यातले मुख्य द्रव्य दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक गेल्यास यकृताला इजा होऊ शकते, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली सांगितले. रक्त पातळ होण्याचे औषध चालू असेल त्याने डॉक्टरांना विचारूनच हा चहा घ्यावा.

करायची रीत सोपी. पाणी उकळून खाली उतरवा, दोन-तीन मिनिटे थांबा. कपाला लहान चमचाभर पाने टाकून झाका, दोन मिनिटांनी गाळा. चुलीवर खळखळ उकळाल तर कडूजहर होईल, आणि मग घरातले कुणी पिणार नाही.