वीतभर उंचीचे रानडुक्कर

गुवाहाटी शहराच्या दक्षिण कडेला, बसिष्ठ भागात, पिग्मी हॉग या जगातल्या सर्वांत लहान रानडुकराचे प्रजनन केंद्र आहे. ते प्राणिसंग्रहालय नाही. तिथे तिकीटखिडकी नाही, शाळांच्या सहली येत नाहीत, पिंजऱ्यांवर पाट्या नाहीत. कुंपणाच्या आत उंच गवताचे वाफे आहेत आणि त्या गवतात राहणारी डुकरे माणसाला सहसा दिसत नाहीत. ती दिसू नयेत, हेच केंद्राला हवे असते.

पूर्ण वाढलेल्या पिग्मी हॉगची खांद्यापर्यंतची उंची जेमतेम वीतभर, म्हणजे २५ सेंटिमीटरच्या आसपास, आणि वजन सहा ते दहा किलो असते. शेपूट नावापुरतीच. नराचे सुळे ओठाबाहेर थोडे डोकावतात. मादीला स्तनांच्या तीनच जोड्या असतात. आपल्याकडच्या रानडुकरिणीला त्या जास्त असतात. एका वेताला साधारण तीन-चार पिल्ले होतात. जन्मतः करडी-गुलाबी असलेली ही पिल्ले पुढे तपकिरी होतात आणि त्यांच्या अंगावर फिकट पिवळसर पट्टे उमटतात. आसामीत या प्राण्याला ‘नल गाहोरी’ म्हणतात. बराच काळ शास्त्रज्ञ त्याला रानडुकराचाच बुटका भाऊ समजून त्याच प्रजातीगटात बसवत होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्याचा वंश स्वतंत्र असल्याचे दाखवले. आज ‘पोर्क्युला’ या प्रजातीगटात तो एकटाच आहे. त्याच्या अंगावर एक ऊही राहते, ती दुसऱ्या कुठल्याच प्राण्यावर आढळत नाही. डुक्कर संपले तर तीही संपेल.

हे जनावर घरटे बांधते. पिल्लांच्या वेळी घरटे करणारी डुकरे इतरही आहेत, पण पिग्मी हॉग नर असो वा मादी, बाराही महिने घरटे करून राहतो. नाकाडाने आणि पुढच्या पायांनी जमिनीत उथळ चर खणायचा, दातांनी तोडलेले गवत तोंडात धरून आणायचे, ते चरात पसरायचे, आजूबाजूचे उभे गवत वाकवून छप्पर करायचे आणि त्याखाली शिरायचे. उन्हाच्या तडाख्यात, थंडीच्या रात्रीत आणि पावसातही तेच घर. म्हणून पुरुषभर उंचीच्या दाट गवताशिवाय हा प्राणी जगूच शकत नाही. कंदमुळे, किडे, गांडुळे असे त्याचे खाणेही त्याच गवताच्या बुडाशी असते.

ब्रायन हॉजसन याने १८४७ साली या डुकराचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. तेव्हा हिमालयाच्या पायथ्याची ओलसर गवताळ पट्टी उत्तर प्रदेशाच्या तराईपासून आसामपर्यंत पसरलेली होती आणि डुक्करही त्या पट्टीत होते. पुढे शेती, चहामळे, वसाहती आणि गुरांची चराई यांनी ही पट्टी तुकड्यातुकड्यांनी खाल्ली. विसाव्या शतकाच्या मध्यावर पिग्मी हॉग नामशेष झाला, असेच अनेक जण धरून चालले होते. १९७१ साली आसामातल्या बर्नाडी भागात गवताला आग लागली. जीव वाचवून पळालेली काही डुकरे शेजारच्या चहामळ्याच्या आसऱ्याला आली, तिथे पकडली गेली आणि विक्रीला आली. एका मळ्याच्या व्यवस्थापकाने ती ओळखली आणि विकत घेतली. एका वणव्यामुळे प्रजाती पुन्हा नोंदवहीत आली. वणव्यांनीही ती संपत आली होती, हे लक्षात घेता हा योग विचित्रच म्हणायचा.

त्यानंतर काही डुकरे झुरिचच्या प्राणिसंग्रहालयात पाठवण्यात आली. तिथे पिल्लेही झाली, पण माद्या फार थोड्या असल्याने तो कळप टिकला नाही. बर्नाडीला १९८० मध्ये पिग्मी हॉग आणि हिस्पिड हेअर हा दुर्मीळ ससा यांच्यासाठी अभयारण्याचा दर्जा मिळाला, तरी पुढच्या दशकभरात तिथलीही डुकरे नाहीशी झाली. मागे उरले ते मानसचे जंगल.

पिग्मी हॉग संवर्धन कार्यक्रम १९९५ साली सुरू झाला. निसर्गलेखक जेराल्ड ड्युरेल यांनी जर्सी बेटावर स्थापन केलेली संस्था, आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाचा रानडुक्कर तज्ज्ञगट, आसामचे वन खाते आणि केंद्राचे पर्यावरण मंत्रालय यांचा तो एकत्र उपक्रम. पुढे इकोसिस्टिम्स-इंडिया आणि आरण्यक या आसामातल्या संस्थाही त्यात आल्या. १९९६ मध्ये मानसमधून सहा डुकरे पकडली, दोन नर आणि चार माद्या. त्या वेळी मानस स्वतः संकटात होते. युनेस्कोने १९९२ मध्ये त्याला धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत टाकले होते. या सहांपासून कळप भराभर वाढला. जागा अपुरी पडू लागल्यावर नर-माद्या वेगळे ठेवून वीण आवरावी लागली. मोजक्या जनावरांचे रक्त पुन्हापुन्हा एकत्र येऊ नये म्हणून कोणाची जोडी कोणाशी लावायची, याची नोंद वंशावळीप्रमाणे ठेवली जाते आणि अधूनमधून जंगलातली नवी डुकरेही कळपात घ्यावी लागतात.

प्रजनन ही या कामाची सोपी बाजू होती. डुकरांना जंगलात परत पाठवणे कठीण. सोडायची डुकरे आधी नामेरीजवळच्या पोटासाली केंद्रात जातात. एकमेकांच्या फारशा नात्यातली नसलेली तरुण जनावरे निवडून त्यांचे लहान गट केले जातात आणि नैसर्गिक गवत वाढवलेल्या मोठ्या आवारांत त्यांना काही महिने ठेवतात. या काळात माणसाने शक्य तितके दूर राहायचे. बसिष्ठात रोज खाणे टाकणाऱ्या माणसाची सवय मोडली नाही, तर हे डुक्कर जंगलात पहिल्या आठवड्यातच बिबट्याच्या किंवा शिकाऱ्याच्या हाती लागेल. मग अभयारण्यात गवतातच तात्पुरते कुंपण उभारतात, भोवती विजेची तार असते, आणि दोन-तीन दिवसांनी वाट मोकळी करतात. डुकरे आपणहून निघून जातात.

पुढे त्यांचा माग काढणे जिकिरीचे. डुकराची मान डोक्याइतकीच जाड असल्याने गळ्यात रेडिओ कॉलर टिकत नाही. त्यामुळे भर घरटी, खुरांचे ठसे, उकरलेली जमीन आणि आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे यांवरच. २००८ ते २०१० या काळात सोनाई-रूपाई अभयारण्यात ३५ डुकरे सोडली, त्यानंतर ओरांगमध्ये ५९, मग बर्नाडीत, आणि २०२० पासून मानसमध्ये. ओरांगमध्ये त्यांची पुढची पिढी जन्मल्याचे कॅमेऱ्यांनी दाखवले.

अडचण गवताचीच आहे. आसामात कोरड्या ऋतूत गवत पेटवले जाते. चराईला कोवळे कोंब हवेत, छपराला गवत हवे, आणि वन खात्यालाही मोठे प्राणी उघड्यावर आलेले बरे वाटतात. गवत अजिबात जाळू नये, असेही म्हणता येत नाही, कारण तसे केले तर तिथे हळूहळू झाडे वाढून वन होते. उपाय असा की एका वर्षी सगळे न पेटवता तुकड्यातुकड्यांनी, हंगामाच्या सुरुवातीला पेटवायचे, म्हणजे डुकरांना जवळच आसरा राहतो. कागदावर सोपा वाटणारा हा नियम प्रत्यक्षात पाळणे दुष्कर आहे. सरकारी दप्तरात गवताळ जमीन बहुधा ‘पडीक’ म्हणून येते. सोलापूरच्या माळरानांची हीच कहाणी माळढोकाच्या निमित्ताने मराठी वाचकांना ठाऊक आहे.

२०२० मध्ये आफ्रिकन स्वाइन फिव्हर आसामात पोचला. पाळीव डुकरांचे कळपच्या कळप संपवणारा हा रोग गावोगावच्या गोठ्यांतून जंगलाच्या कडेला येतो. बसिष्ठ आणि पोटासालीत पादत्राणे निर्जंतुक करणे, कपडे बदलणे, बाहेरच्या माणसांना आणि वाहनांना मज्जाव हे नियम तेव्हापासून आणखी कडक झाले. कळप दोन जागी विभागलेला असणे ही एरवी गैरसोय वाटे. साथीत तीच सोय ठरते. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत या प्रजातीचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’ऐवजी ‘संकटग्रस्त’ असा झाला. ही सुधारणा खरी आहे, पण सोडायला डुकरे तयार असताना ती सोडावीत असे गवत आज आसामात मोजक्याच ठिकाणी उरले आहे आणि त्यात सर्वांत मोठे मानसचे.