सात टेराफ्लॉप्स गेले कुठे?

१ सप्टेंबर २०२० रोजी एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी आरटीएक्स ३०७० हे ग्राफिक्स कार्ड जाहीर केलं. किंमत ४९९ डॉलर, आणि दावा असा की ते आरटीएक्स २०८० टीआयपेक्षा वेगवान आहे. २०८० टीआय म्हणजे २०१८ सालचं, ९९९ डॉलरपासून पुढे विकलं जाणारं बडं प्रस्थ. दोघांचे तक्ते शेजारी ठेवले तर दावा फारच नम्र वाटावा: २०८० टीआयचे १३.४ टेराफ्लॉप्स, ३०७०चे २०.३. म्हणजे दीडपट! प्रत्यक्षात कार्ड बाजारात आलं, गेम लावून चाचण्या झाल्या, आणि दोन्ही जवळपास बरोबरीत निघाली. मग मधले सात टेराफ्लॉप्स गेले कुठे?

पहिला गैरसमज इथेच आहे. टेराफ्लॉप्स हा आकडा कुणी कार्ड चालवून मोजलेला असतो, असं अनेकांना वाटतं. तो मोजलेला नसतो, तो निव्वळ गुणाकार असतो. कोअरची संख्या गुणिले क्लॉकचा वेग गुणिले दोन; दोन अशासाठी की एक कोअर एका ठोक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज उरकू शकतो. ३०७०मध्ये ५८८८ कोअर, क्लॉक १७२५ मेगाहर्ट्झ. उत्तर येतं सेकंदाला साधारण २० लाख कोटी आकडेमोडी. एकही कोअर एक क्षणही रिकामा बसला नाही तरच. खऱ्या गेममध्ये तसं होत नाही. त्यात हा क्लॉकही कंपनीने छापलेला. हवा खेळती असलेल्या कॅबिनेटमध्ये कार्डं बहुधा त्याच्या वरच धावतात, आणि २०८० टीआयचा छापील १५४५ तर जरा जास्तच सावध आहे.

पण रिकाम्या बसणाऱ्या कोअरनी सगळा हिशेब लागत नाही. खरी गोम आहे ती ‘कोअर’ कशाला म्हणायचं यात.

२०८० टीआयच्या ट्युरिंग रचनेत चिपचे ६८ विभाग आहेत. प्रत्येक विभागात दशांशाच्या आकड्यांची गणितं करणारी ६४ एककं, आणि त्यांच्या शेजारी पूर्णांकांची गणितं करणारी वेगळी ६४. कोअर म्हणून मोजली जातात फक्त पहिली. ३०७०च्या अँपिअर रचनेत विभाग ४६च, पण दुसऱ्या ६४ एककांना दशांशाचं कामही शिकवलेलं. एका वेळी दोन्हीपैकी एकच करायचं, तरी मोजताना ती धरली जातात, आणि विभागामागे कोअर होतात १२८. शिंप्याच्या दुकानात ६४ जण शिवणारे आणि ६४ जण काज-बटणवाले होते. मालकाने काज-बटणवाल्यांनाही शिलाई शिकवली आणि दारावर ‘१२८ शिंपी’ अशी पाटी लावली, तसं हे. पाटी खोटी नाही. पण काजं करायचं काम संपलेलंही नाही.

हे काम किती असतं, तेही एनव्हिडियानेच ट्युरिंगच्या वेळी सांगितलं होतं: गेममध्ये दशांशाच्या दर १०० आज्ञांमागे पूर्णांकांच्या साधारण ३६. आता हिशेब मांडून पाहू. ३०७०च्या एका विभागातल्या १२८ जागा १००ला ३६ या प्रमाणात वाटल्या, तर दशांशासाठी सरासरी ९४ उरतात. ४६ विभागांचे झाले सुमारे ४३३०, आणि तेवढ्यांचे टेराफ्लॉप्स भरतात १४.९. तिकडे २०८० टीआयची पूर्णांकांची कामं शेजारच्या एककांवर निघून जातात, त्याचे १३.४ जसेच्या तसे राहतात. दीडपटीची आघाडी ११ टक्क्यांवर आली. हा ढोबळ हिशेब आहे, प्रत्येक गेमचं प्रमाण वेगळं. पण सात टेराफ्लॉप्सपैकी बहुतेक कुठे मुरले ते त्यातून दिसतं. उरलेले ११ टक्के खायला मेमरी आहेच: २०८० टीआयची सेकंदाला ६१६ जीबी, ३०७०ची ४४८.

यावरून ‘टेराफ्लॉप्स म्हणजे जाहिरातबाजी’ असं म्हणणारेही भेटतात. तेही चूक. ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये दृश्य रेंडर करताना दशांशाच्या गणितांचा भार मोठा असतो, आणि तिथे ३०७० स्पष्टपणे पुढे जातं. शिवाय त्याच तक्त्यातले दुसरे आकडेही कुणी वाचत नाही. पिक्सेल रंगवण्याच्या सैद्धांतिक वेगात ३०७० सुमारे २२ टक्के पुढे आहे, तर टेक्स्चर चढवण्याच्या वेगात २०८० टीआय ३२ टक्के पुढे. कुठला आकडा अडसर ठरेल, हे गेमवर अवलंबून. सगळ्या ओळींत जिंकणारं कार्ड असलं तर वादच नको. इथे तसं नाही.

‘निदान एकाच पिढीत तरी आकडे खरे असतात ना?’ बऱ्याच अंशी. ३०६० टीआय आणि ३०७० एकाच रचनेची, टेराफ्लॉप्स १६.२ आणि २०.३, अंतर २५ टक्के. गेममध्ये मात्र ते साधारण निम्मंच दिसतं, कारण मेमरीचा वेग दोघांचा तोच ४४८.

आता मेमरीच्या बसविषयी, म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यामधल्या वाटेविषयी. ‘१२८ बिट म्हणजे भिकार कार्ड’ हे वाक्य आरटीएक्स ४०६० आल्यावर जिकडेतिकडे ऐकू आलं. बसची रुंदी एकटी काही सांगत नाही. बिटना आठने भागून मेमरीच्या दर बिटमागच्या वेगाने गुणलं की बँडविड्थ, म्हणजे मेमरीचा एकूण वेग मिळतो: ४०६०ची सेकंदाला २७२ जीबी, त्याच्या आधीच्या १९२ बिटवाल्या ३०६०ची ३६०. तरीही ४०६० सर्वसाधारणपणे वेगवान, कारण चिपच्या पोटातली कॅश ३ एमबीवरून २४ एमबी झाली आणि मेमरीकडे धावाधाव कमी झाली. वॅट जास्त म्हणजे ताकद जास्त, हेही इथेच निकालात निघतं: ३०६० १७० वॅटचं, ४०६० ११५चं.

जीबींचं गणित वेगळ्या जातीचं आहे. मेमरी भरेपर्यंत ३०७०च्या ८ आणि २०८० टीआयच्या ११ जीबीत वेगाचा काही फरक पडत नाही. भरली की सगळंच बदलतं. उतू गेलेला माल संगणकाच्या रॅममधून आणावा लागतो, आणि ती वाट ३०७०च्या बाबतीत फार तर सेकंदाला ३२ जीबीची. मार्च २०२३मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ पीसीवर आला तेव्हा ८ जीबीवाल्यांनी टेक्स्चर वाढवून हा अनुभव घेतला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ३०७० आणि २०८० टीआय ही दोन्ही कार्डं जुन्यात, सारख्याच भावात समोर आली, तर मी ११ जीबीवालं उचलीन. फक्त त्याआधी पॉवर सप्लाय तपासीन, कारण ते २५० वॅट मागतं.