शस्त्रक्रियेनंतरचे इन्सुलिन

मी कला शाखेची विद्यार्थिनी. वैद्यकावर लिहिण्याचा अधिकार मला नाही. पण गेल्या वर्षी शेणव्याच्या आमच्या घरात जे घडले, ते सांगितलेच पाहिजे.

माझ्या काकांना बारा वर्षांचा मधुमेह. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई काकू टोचत. वजनही फार वाढलेले. शेवटी मुंबईस त्यांचे जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली. २०११ साली नितीन गडकरी यांनी अशीच शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा वर्तमानपत्रांतून तिची चर्चा झाली होती.

काका घरी आले. सोबतच्या इंग्रजी कागदावर इन्सुलिनचे नवे, कमी केलेले प्रमाण होते. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. पण तो कागद न वाचताच मी कपाटात ठेवला! काकूंनी सवयीने जुनेच प्रमाण दिले. तासाभरात काकांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले. रक्तातील साखर अवघी ५२ भरली. अर्धा कप पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून घोट घोट पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, तेव्हा जिवात जीव आला.

असे का झाले? वजन तर अजून उतरलेही नव्हते! डॉक्टरांनी समजावले ते असे : शस्त्रक्रियेनंतर आहार वाटीभर पातळ पदार्थांवर येतो. यकृतातील चरबी लवकर घटते व यकृत रक्तात कमी साखर सोडते. शिवाय अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचते. तेथे जी.एल.पी.-१ हे संप्रेरक अधिक स्रवते आणि ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. म्हणून बाहेरच्या इन्सुलिनची गरज काही दिवसांतच उतरते. अमेरिकेतील शल्यविशारद वॉल्टर पोरीझ यांनी १९९५ सालीच मधुमेहावरील हा परिणाम जगापुढे मांडला होता.

पण यावरून कोणी आपल्या मनाने सुई बंद करू नये. काकांचा मधुमेह दुसऱ्या प्रकारचा आहे. पहिल्या प्रकारात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. तेथे जेवण घटले तरी इन्सुलिन पूर्ण थांबवणे जिवावर बेतते. दुसऱ्या प्रकारातही साखर पुढे पुन्हा वाढू शकते. तपासणी जन्मभर चालू ठेवावी लागते.

आता आमच्या भिंतीवर तो कागद मराठीत लिहून चिकटवला आहे. अक्षर माझे. काकू आधी बोटाचे रक्त तपासतात, आकडा वहीत लिहितात, डॉक्टरांना फोनवर कळवतात आणि मगच सुई हाती घेतात. मित्रमैत्रिणींनो, तुमच्याही घरी असा एखादा कागद कपाटात असेल, तर आजच वाचून दाखवा.